एक थेंब पाणी न सांडता

औरंगाबाद
८ ऑगस्ट २०२१

प्रिय जोहरा,

तुझं पत्र मिळालं. कानात मशीन घातलं तरी फोनवर नुसती शिट्टी ऐकू येते म्हणतेस, तर राहू दे तो फोन. पोस्टाच्या खिडकीत बसून मी तीस वर्षं लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता आपलीही चार पत्रं जाऊ देत. पैठणहून तुझं उत्तर यायला आठ दिवस लागतात आणि आमच्या नळाला पाणीही आठच दिवसांनी येतं, त्यामुळे वाट पाहायची सवय आहे.

बातमी ही की फ्लॅटचा ताबा मिळाला. बीड बायपासला, सातवा मजला. बिल्डरचं पुस्तक वाचशील तर तुला वाटेल मी राजवाड्यात राहायला चालले आहे. पोहायचा तलाव, गच्चीवर तारे बघायला गाद्या, हात पुढे केला की आपोआप सुरू होणारे नळ, फोनवरून लागणारे दिवे, आणि बाहेर कोण आलंय त्याचं तोंड दाखवणारी घंटा. अभय लाल पेन घेऊन बसला आणि एकेका ओळीवर काट मारत गेला. ह्याचे पैसे कशाला, त्याचे कशाला, असं करत करत शेवटी स्वतः मात्र हॉलमधल्या परदेशी लाकडी फरशीवर भाळला. नवऱ्याचा काटकसरीपणा कुठं संपतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग मीही हट्ट धरला. मला फक्त ओटा हवा आहे, म्हटलं. सत्तावीस वर्षं सरकारी क्वार्टरमधल्या तुटक्या कडप्प्यावर वाकून पोळ्या लाटल्या, माझी कंबर तिथंच गेली. आता मला क्वार्ट्झचा ओटा पाहिजे. पांढरा शुभ्र, त्यात राखाडी शिरा. हा खाणीतला दगड नव्हे, दगडाचा चुरा आणि रसायन मिसळून कारखान्यात करतात. हळदीचा डाग पडत नाही, लिंबू सांडलं तरी चट्टा उठत नाही. किंमत ऐकून अभय दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

अडचण एवढीच की दुकानदाराचा मिस्त्री दिवाळीनंतरची तारीख देतो आहे. तुझा तन्वीर सध्या काय करतो? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की लॉकडाऊनपासून हाताला काम नाही. येईल का तो?

तुझी,
रत्नमाला


पैठण
१९ ऑगस्ट २०२१

प्रिय रत्ना,

नव्या घराची मुबारकबाद. हात पुढे केला की सुरू होणाऱ्या नळाचं वाचून मी आणि अरफा पोट धरून हसलो. पाणी आठ दिवसांनी येतं, तर मधले सात दिवस तो नळ तुझ्या हाताकडे बघून काय करतो ते एकदा कळव.

पण ओट्याचं मला पटलं. बाकीचं सगळं पाहुण्यांना दाखवायचं असतं, ओट्यापाशी आपण रोज चार-पाच तास उभ्या असतो. अभयरावांना सांग, जोहरानं तुझ्या बाजूनं कौल दिला आहे.

तन्वीर घरीच आहे. सव्वीस वर्षांचा पोरगा दिवसभर घाटावर जाऊन बसतो आणि जेवायला येतो तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. त्याला सोमवारच्या एसटीनं पाठवते. क्वार्ट्झ त्यानं कधी कापला नाही, पण बापाचा हात आहे त्याला. तुला आठवतंय ना, आमच्या लग्नानंतर मजूर परवडत नव्हता, तेव्हा मी तन्वीरच्या अब्बांबरोबर कामावर जायची. ते शहाबादी फरशी कापायचे आणि मी डालड्याच्या डब्यातून पात्यावर पाणी ओतायची. धार तुटली की ते मशीन बंद करायचे आणि नुसते माझ्याकडे बघायचे. पुढं मजूर मिळाला, पण डबा घेऊन उभा राहणारा माणूस त्यांनी कधी कमी केला नाही. पस्तीस वर्षं दगड कापला, तरी आवाज असा होता की त्यांनी अज़ान दिली की पलीकडच्या आळीत माणसं घड्याळ लावायची. दोन वर्षांपूर्वी हार्टनं गेले तेव्हा डॉक्टरसुद्धा म्हणाले, छाती तरुण माणसाची आहे.

पोराला सांगून ठेवलं आहे, मावशीचं घर आहे, शहाणपणा करायचा नाही. ती म्हणेल तसं करायचं. काही चुकलं तर बिनधास्त कान उपट.

तुझी,
जोहरा


औरंगाबाद
२४ ऑक्टोबर २०२१

प्रिय जोहरा,

ओटा झाला आणि तुझ्या पोरानं माझं नाव राखलं.

झालं असं, की क्वार्ट्झच्या पाट्या यायला उशीर झाला आणि तोवर हॉलमध्ये अभयची लाकडी फरशी बसून गेली. पाट्या खाली आवारात कापाव्यात तर सोसायटीनं मनाई केली, गाड्यांवर धूळ बसते म्हणे. मग स्वयंपाकघरातच कापायचं ठरलं. तन्वीरनं पहिल्याच दिवशी पाण्याची बादली मागितली. मी म्हटलं, अरे, बाहेर एवढी महागाची फरशी, खाली पाणी शिरलं तर फुगून वर येईल, आणि टँकरचं पाणी आम्ही मोजून वापरतो. तो म्हणाला, मावशी, पाण्याबिगर लई धूळ उडते. मी म्हटलं, उडू दे, दार-खिडक्या लावून घे, मागाहून मी पुसून काढीन. थोडा वेळ उभा राहिला आणि मग बरं म्हणाला. किती गुणी आहे गं.

पाच दिवस चाललं. दाराखालच्या फटीला मी ओला टॉवेल लावून ठेवला होता, त्यामुळे हॉलमध्ये कणभर धूळ आली नाही. संध्याकाळी तो बाहेर यायचा तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं, आणि कोरोनाचा मास्क काढला की तेवढंच तोंड सावळं. अभयनं फोटो काढला, तो सोबत पाठवते. आम्ही सगळे हसलो, तोही हसला.

पण काम बघशील तर थक्क होशील. ओट्याची पाटी एका कडेवरून वळून थेट जमिनीपर्यंत उतरते. ह्याला वॉटरफॉल म्हणतात. तिथला सांधा जुळवायला त्यानं दोन दिवस घासलं, आता नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. शेजारपाजारच्या बायका रोज बघायला येतात. इथं ज्याच्या-त्याच्या घरी लाकडी फरशी, त्यामुळे ओटा कापताना पाणी सांडणार ह्या भीतीनं सगळ्या अडून बसल्या होत्या. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, एक थेंब पाणी न सांडता ओटा बसवून देणारा मिस्त्री. त्याच दिवशी त्याला सहा घरांची कामं मिळाली.

माझ्याकडून त्याला बक्षीस म्हणून दोनशे कार्डं छापून दिली आहेत. तन्वीर चांदपाशा शेख, क्वार्ट्झ ओटे, आणि खाली लाल अक्षरांत ते वाक्य. पहिलं कार्ड त्यानं तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

तुझी,
रत्नमाला


पैठण
१६ जानेवारी २०२२

प्रिय रत्ना,

कार्ड मिळालं. अरफानं ते तिच्या अब्बांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं आहे. आमच्या घराण्यात छापलेलं नाव प्रथमच बघितलं मी, निवडणुकीची यादी सोडून.

तन्वीर आता पैठणला फक्त जुम्म्याला येतो. तुमच्या बिल्डिंगीतली कामं संपत नाहीत तोवर शेजारच्या दोन बिल्डिंगी लागल्या आहेत. दिवसभर काम करतो आणि रात्री तिथंच रिकाम्या फ्लॅटमध्ये झोपतो. आता घरी आला की माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलतो. अरफाच्या लग्नाचं माझ्यावर सोड म्हणतो. रत्ना, हे तुझ्यामुळे झालं आणि मी ते विसरणार नाही.

तो फोटो बघून मला मात्र हसू आलं नाही. अब्बा असते तर त्यांनी त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं असतं. मी त्याला म्हटलं, बाबा, पाणी मारत जा. तर म्हणतो, "अम्मी, पानी नक्को बोलके तो मेरे कू बुलाते लोगां." कार्डावरच तसं छापलं आहे म्हणे. ते खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. मास्क दोन लाव म्हणून सांगितलं, तो हो म्हणाला.

अभयरावांना सलाम. नळाचं अजून कळवलं नाहीस.

तुझी,
जोहरा


छत्रपती संभाजीनगर
११ मार्च २०२४

प्रिय जोहरा,

दोन वर्षांत तुझी ईदेची दोन आणि दिवाळीची दोन, अशी चार-चार ओळींची पत्रं आली. तू कामात असशील असं समजून मीही लावून धरलं नाही. आज मात्र जरा रागानं लिहिते आहे.

आधी घराचं सांगते. पोहायच्या तलावात पाणी कधी पडलंच नाही, उन्हाळ्यात बायका त्यात चटया टाकून कुरडया वाळवतात. आपोआप चालणारे नळ काढून अभयनं साधे बसवले, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तारे बघायच्या गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही. लाकडी फरशी चालताना करकरते. एवढ्या सगळ्यात पैसा वसूल झाला तो एकट्या ओट्याचा. अभयसुद्धा आता पाहुण्यांना आधी स्वयंपाकघरात नेतो.

आता रागाचं. पाचव्या मजल्यावरच्या तनुजानं माझ्या शब्दावर तन्वीरला काम दिलं. त्यानं अर्धी पाटी कापली, जेवायला म्हणून खाली गेला, जिन्यात बराच वेळ बसलेला दिसला, आणि तिथून जो गेला तो परत आलाच नाही. पंधरा दिवस झाले. फोन बंद. तिच्या घरात मुलीचं केळवण आहे आणि स्वयंपाक ती बाल्कनीत करते आहे. येता-जाता माझ्याकडे बघून तोंड फिरवते. जोहरा, त्याला काय झालं? तुझ्या पोराकडून मी ही अपेक्षा केली नव्हती.

रत्नमाला


पैठण
२ एप्रिल २०२४

प्रिय रत्ना,

तनुजाताईंना माझ्याकडून माफी सांग. तन्वीर सोयगावला मामाकडे गेला आहे, तिथं रेंज नसते. त्याच्या मामांचं काही काम निघालं आहे, ते संपायला वेळ लागेल. तनुजाताईंनी दुसरा माणूस बघावा.

अरफाचं जमलं आहे. पुढच्या महिन्यात निकाह. माणसं चांगली आहेत. तुला बोलवायचं मनात लई होतं, पण घरात रंगकाम काढलं आहे आणि जागा नाही, निकाहही अगदी घरच्या घरी आहे. राग मानू नकोस आणि सध्या इकडं येऊ नकोस.

जोहरा


छत्रपती संभाजीनगर
२० एप्रिल २०२४

जोहरा,

आमच्या जुन्या ऑफिसातला धोंडिबा पैठणचाच. तो परवा भेटला. तन्वीर महिनाभर तुमच्या दारात खाटेवर बसलेला दिसतो, असं तो म्हणाला. सोयगाव नाही आणि मामाही नाही.

आपण दुसरीपासून एका बाकावर बसलो. माझ्या लग्नात माझ्या हातावर मेंदी तू काढलीस. तुझ्या मुलीच्या लग्नाला मला बोलवायला तुझ्याकडे जागा नाही आणि माझ्याशी खोटं बोलायला जागा आहे, हे मला फार लागलं. हातात पैसा आला की पोरं बिघडतात, हे मी पोस्टात पुष्कळ पाहिलं आहे. तो पीत असेल तर मला सरळ सांगायचं होतंस, मी काही परकी नव्हते.

ह्यापुढे मी त्याचं नाव कुणाला सुचवणार नाही. अरफाला आशीर्वाद.

रत्नमाला


पैठण
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रत्ना,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला उत्तर द्यायला मला सात महिने लागले. धोंडिबा खरं बोलला. तन्वीर सोयगावला कधी गेलाच नव्हता.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापासून त्याला खोकला होता. धुळीचा आहे म्हणून गूळ खायचा आणि कामाला जायचा. फेब्रुवारीच्या शेवटी तनुजाताईंकडे काम करताना जेवायला खाली आला आणि परत वर जाताना जिन्यात बसला. तुमच्या लिफ्टमध्ये मिस्त्री लोकांना सोडत नाहीत, हे तुला माहीत असेल. तिथून त्याला उठवेना. हत्यारं वरच सोडून रिक्षानं बसस्टँडवर आला. इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून टीबी सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. अरफाचं नेमकं तेव्हा जमत होतं. घरात टीबी आहे हे कळलं असतं तर ते लोक मागं सरले असते. म्हणून मी सगळ्यांशीच खोटं बोलले, रत्ना, आणि तू आलीस तर मला रडू आवरणार नाही म्हणून तुला येऊ नको लिहिलं. निकाहात तन्वीर खुर्चीवर बसून होता. पाहुण्यांना सांगितलं, पाय मुरगळला आहे.

सहा महिने त्यानं गोळ्या खाल्ल्या. सोळा किलो वजन गेलं. ऑक्टोबरात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला विचारलं, काम काय करतोस. त्याला बोलायला दम पुरेना, म्हणून त्यानं खिशातून कार्ड काढून त्यांना दिलं. तू छापून दिलेलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि त्याला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण त्यानं मान हलवली ती दिसली. मग मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. हा टीबी नाही. सिलिकोसिस आहे. दगडाची धूळ फुफ्फुसात जाऊन बसली आहे, ती बाहेर निघत नाही. ह्या नव्या पांढऱ्या दगडात ती सगळ्यात जास्त असते. पाणी मारून कापायला हवं होतं.

मी विचारलं, मग आता औषध काय? त्यांनी कागद माझ्याकडून परत घेतला आणि खाली एवढंच लिहिलं, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा.

आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. नळी काढली की त्याचे ओठ निळे होतात.

तुझ्यावर माझा राग नाही असं लिहायला मी बसले होते, पण ते खरं नाही. राग आहे. तुझ्यावर आहे आणि स्वतःवर त्याहून जास्त आहे. तू दार लावून घे म्हणालीस ते तुला माहीत नव्हतं म्हणून. मला तर माहीत होतं. मी दोन वर्षं हातानं पाणी ओतलं होतं. तरी मी त्याला सांगून पाठवलं, मावशी म्हणेल तसं कर. कार्ड बघून मी गप्प बसले, कारण पैसे येत होते आणि पोरगा डोळ्याला डोळा देत होता.

दवाखान्यातून परत येताना रिक्षा बायपासनं आली. तुमची बिल्डिंग दिसली तेव्हा तन्वीरनं माझा हात धरून तिकडं दाखवलं आणि बोटांनी मोजून सांगितलं. त्याचे तिथं एकोणीस ओटे आहेत.

जोहरा


छत्रपती संभाजीनगर
१ डिसेंबर २०२४

प्रिय जोहरा,

तुझं पत्र अर्ध्यापर्यंत मी वाचलं, पुढचं अभयनं वाचून दाखवलं.

काय लिहू? मी त्याला दारुडा ठरवला होता. आठवणीत मी सारखी त्या पाच दिवसांकडे जाते. तो आत कापत होता, मी बाहेर सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते आणि टॉवेल सुकला की पुन्हा भिजवून फटीला लावत होते. घरात पाणी होतं जोहरा. टॉवेलापुरतं मी ते रोज वापरलं, त्याला मात्र बादलीभर दिलं नाही. फरशी फुगेल म्हणून. ती फरशी अशीही करकरतेच आहे.

तो एवढा वेळ उभा राहिला होता बरं म्हणायच्या आधी. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. ते वाक्य मी छापलं होतं, त्यानं नव्हे, हेही लिहिलं. दोघांनी हात जोडले. एकीनं विचारलं, ओट्यापासून आपल्याला काही धोका आहे का? मी लिहिलं, नाही, धोका फक्त कापणाऱ्याला असतो. त्यावर तिनं बरं झालं असं लिहिलं आणि मग कुणीतरी लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय काढला. आमच्याच बिल्डरची पलीकडे नवी इमारत उभी राहते आहे, तिच्या फलकावर लिहिलंय, प्रत्येक घरात क्वार्ट्झचा ओटा मोफत.

मला आता त्या ओट्यापाशी उभं राहवत नाही. पाच-सहा दिवस झाले, गॅसची शेगडी जमिनीवर घेऊन स्वयंपाक करते आहे. अभय समजावतो, पण माझं ठरलं आहे. संक्रांत झाली की माणूस बोलावून ओटा फोडून काढणार. साधा कडप्पा बसवीन, नाहीतर काहीच नको. तुला त्यानं काही बरं वाटणार नाही हे मला कळतं, पण मला दुसरं काही सुचत नाही.

तन्वीरला भेटायला येऊ का? नाही म्हणालीस तर येणार नाही. ऑक्सिजनचं, औषधाचं जे काही असेल ते मला करू दे.

तुझी,
रत्ना


पैठण
५ जानेवारी २०२५

प्रिय रत्ना,

तन्वीर सव्वीस डिसेंबरला गेला. दुपारची, जोहरच्या नमाजाची वेळ होती. लाइट गेली होती असं काही नाही, मशीन चालू होतं. त्यालाच ती हवा घेता येईना.

तुझं पत्र मी त्याला आधी वाचून दाखवलं होतं, सगळं. दारुडा ठरवलंस ते वाचलं तेव्हा थोडा हसला. ओटा फोडायचं वाचलं तेव्हा मात्र त्यानं हात वर करून मला थांबवलं. तोंडावरची नळी बाजूला केली आणि मला ओठ दिसतील असा माझ्याकडे वळला. म्हणाला, "मौसी कू बोलो, तोडो नक्को. तोडनेवाला बी सांस लेता." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. मग परत नळी लावली. त्यानंतर आठ दिवस होता, पण ओट्याचं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र कागद मागितला आणि त्यावर नावं लिहिली. त्याच्या हाताखाली काम शिकलेली चार माणसं. एक गंगापूरचा, दोन वाळूजचे, एक इथलाच. चौघेही तसंच कोरडं कापतात, कारण गिऱ्हाईक तसंच मागतं. अरफाचा नवरा परवा गाडीवर जाऊन तिघांना भेटला आणि छातीचा फोटो काढायला सांगून आला. एकाला खोकला आहे. चौथा नव्या इमारतीच्या कामावर आहे, तुमच्या पलीकडच्या. तिथं जावयाला फाटकाच्या आत सोडलं नाही. त्या चौथ्याचं नावही अभय आहे, अभयरावांना सांग, म्हणजे त्यांच्या लक्षात राहील. त्याला तू जाऊन भेट. तुला फाटकावर कुणी अडवणार नाही.

भेटायला येऊ का विचारलं होतंस. मी उत्तर लवकर लिहिलं नाही, ही माझी चूक झाली. तो दोनदा विचारत होता, मावशी येणार का. चाळीसाव्या दिवशी त्याच्यासाठी दुआ आहे, तेव्हा ये. रंगकाम नाही, जागा आहे, आणि मला तुझ्याशी भांडायचं पण आहे. ते पत्रात होत नाही.

ओट्याचं तू ठरव. राहिला तर त्यावर पोळ्या लाट, जमिनीवर बसून कंबर मोडू नकोस, त्यानं कुणाचं भलं होत नाही. सांधा त्यानं मनापासून केला होता. पण तुला तो डोळ्यांसमोर सहन होत नसेल आणि फोडायचाच असेल, तर माझी एक गोष्ट ऐक. फोडणारा आला की दार-खिडक्या सगळ्या उघड. हे काम दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, तू स्वतः डबा घे आणि त्याच्या बाजूला उभी राहा, आणि काम संपेपर्यंत पात्यावर पाणी ओतत राहा. धार तुटू देऊ नकोस. फरशी भिजली तर भिजू दे.

तुझी,
जोहरा